दिवाळीच्या प्रदर्शनांसाठी लेझरने कोरलेल्या छोट्या वस्तू: काय खपतं, काय टाळावं?

सुतारपक्षी (पुणे)

नमस्कार मंडळी.

यंदा (२०२६) अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण लांबलेत. गणपती १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. म्हणजे शरदातल्या प्रदर्शनांचा खरा जोर दसऱ्यानंतरच्या अडीच-तीन आठवड्यांत राहणार. पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही, पण तेव्हाच कारखाना जोरात चालवावा लागतो. तयारी आत्ताच सुरू करणाऱ्यांसाठी हा धागा.

माझ्याकडे ६० वॉटचं सीओ२ (कार्बन डायऑक्साइड वायूचं) लेझर मशीन आहे. काही वर्षं सोसायट्यांच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयांत आणि शाळांच्या मैदानांवर स्टॉल लावते आहे. मोठ्या वस्तू (भिंतीवरची घड्याळं, तोरणं, आकाशकंदील) लोक हातात घेऊन बघतात आणि ठेवून पुढे जातात. छोट्या वस्तू, तीनशे रुपयांच्या आतल्या, विकल्या जातात. पण त्याही सगळ्या नाहीत. इंटरनेटवरून उतरवलेलं मंडल, मोर, बुद्धाचा चेहरा हे आता प्रत्येक तिसऱ्या टेबलावर असतं आणि तिथे भावावरून घासाघीस सोडून दुसरं काही होत नाही.

माझं स्पष्ट मत असं की छोट्या वस्तूत माणूस लाकूड विकत घेत नाही, अक्षर विकत घेतो. स्वतःचं नाव, घराचं नाव, आईच्या तोंडची एखादी ओळ. आणि ते अक्षर मराठी वळणाचं, देखणं, नीट जुळवलेलं असेल तर शेजारच्या टेबलावर तीच कीचेन निम्म्या किमतीत असली तरी लोक आपल्याकडे थांबतात.

एक तांत्रिक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी विचारतंच. देवनागरी नाव कापून काढायचं असेल तर आपल्या लिपीचा मोठा फायदा आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात राहतो. इंग्रजी अक्षरं एकमेकांत घुसवावी लागतात किंवा खाली पट्टी द्यावी लागते, तसं इथे नाही. मात्र ग, ण आणि श या अक्षरांचा दांडा उरलेल्या भागाला फक्त शिरोरेषेनेच जोडलेला असतो. ३ मिमी एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) शिरोरेषा बारीक ठेवली की 'गणेश' नाव पिशवीतून घरी जाईपर्यंत मोडतं. मी ती २ मिमीच्या खाली जाऊ देत नाही. अनुस्वाराचा ठिपका तर सुटाच असतो. त्याला खालून एक बारीक देठ द्यावा लागतो, नाहीतर 'मंदार'चा 'मदार' होतो.

तर प्रश्न असे:
चामड्यावर कुणी काम केलंय का? तांब्या-पितळेच्या वस्तू घराच्या मशीनवर जमतात का? आणि स्टॉलवर जागच्या जागी नाव कोरून देणं परवडतं का?

टिंबरगल्ली (पुणे)

ताई, अक्षराचं पटलं. पण नावांच्या ऑर्डरी घेण्याबद्दल माझं मत वेगळं आहे.

प्रदर्शनात माणूस आत्ता घेतो किंवा घेत नाही. 'उद्या या, नाव कोरून ठेवतो' म्हटलं की निम्मे येत नाहीत, आणि 'सायली' कोरलेली वस्तू दुसऱ्या कुणाला खपत नाही. दोन दिवसांच्या स्टॉलचं भाडं समजा सहा हजार आहे आणि एका कीचेनमागे माल, मजुरी, वीज, पॅकिंग वजा जाऊन साठ रुपये सुटतात. म्हणजे नुसतं भाडं निघायला शंभर कीचेन गेल्या पाहिजेत. त्या शंभर कीचेन तयार असल्या तरच जातील.

मग मधला मार्ग काय? नात्यांची नावं. आई, बाबा, आजी, आबा, ताई, दादा, आत्या, मावशी, काकू, वहिनी, मामी. तयार मालात आपलेपणा यायला यासारखं काही नाही. भाऊबीजेसाठी 'दादा' आणि 'ताई' कधीच पुरत नाहीत. 'आत्या' आणि 'मावशी' इतर कुणी बनवत नाही, त्यामुळे बाई टेबलापाशी येऊन ते शब्द दिसले की हमखास घेते. 'नणंद' आणि 'जाऊबाई'सुद्धा ठेवून बघा.

माल भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घ्या, ८ बाय ४ फुटांची शीट तिथेच कापून मिळते. पण पावसाळ्यात आणलेलं ३ मिमी एमडीएफ उभं करून ठेवू नका. ते वाकतं, आणि वाकलेल्या शीटवर लेझरचा फोकस एका कोपऱ्यात बरोबर बसतो, दुसऱ्या कोपऱ्यात काप अर्धवट राहतो. सपाट जमिनीवर, वर वजन ठेवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

पन्हाळगड (कोल्हापूर)

चामड्याचं मी सांगतो.

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. लेझरला तेच लागतं. कारागिरांकडे कापातून उरलेले तुकडे असतात, ते योग्य पैसे देऊन घ्या, फुकट मागू नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्यामुळे आपल्या कीचेनवर 'कोल्हापुरी चामडं' असं लिहिण्याआधी ज्यांच्याकडून माल घेतला त्यांना विचारा, आणि जमेल तिथे त्यांचंही नाव टॅगवर घाला.

काम करताना पॉवर कमी, वेग जास्त. वर मास्किंग टेप लावून मगच कोरा, म्हणजे काजळी कडेला पसरत नाही. नंतर ओल्या फडक्याने पुसा. जळक्या केसांसारखा वास येतो तो लगेच जात नाही. माल आठवडाभर हवेशीर जागी पसरून ठेवावा लागतो, म्हणून हे काम प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीवर टाकू नका. क्रोमने कमावलेलं चामडं मात्र लेझरखाली घालूच नका. जळताना त्यातून क्रोमियमची घातक संयुगं सुटू शकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रेक्झिन लेझरखाली घालू नका. बाजारातलं बरंचसं रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आणि मशीनच्या रेल, आरसे, बेअरिंग सगळ्याला गंज लावणारा. दुकानदार 'लेदरच आहे' म्हणेल. घरच्या घरी तपासायचं असेल तर तांब्याची तार गॅसवर लाल तापवा, ती त्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. तो तुकडा बाजूला ठेवा. हे खिडकी उघडी ठेवून करा.

सुतारपक्षी

दादा, तार-चाचणी लिहिलीत ते फार बरं झालं. नवीन लोक इथेच फसतात. फोमशीट, विनाइल स्टिकर, जुने बॅनर, सगळ्यांना हेच लागू.

टिंबरगल्ली, नात्यांची कल्पना मनापासून आवडली. 'आत्या' तर करणारच.

तांबटआळी (नाशिक)

तांब्या-पितळेचं उत्तर थोडक्यात: सीओ२वर नाही.

सीओ२ लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. उघडं तांबं, पितळ, चांदी तो किरण जवळजवळ सगळाच परतवतात. धातूवर काम करायला फायबर लेझर लागतं, त्याची तरंगलांबी साधारण १.०६ मायक्रॉन. ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्याकडून जॉबवर्क करून घ्या, मिनिटाच्या हिशोबाने घेतात.

लाखेचा किंवा लॅकरचा थर दिलेल्या तांब्याच्या बाटल्या सीओ२वर 'होतात' असं कुणी सांगेल. तिथे फक्त वरचा थर जळतो. उघडं पडलेलं तांबं नंतर काळवंडतं आणि नाव डागासारखं दिसतं. गिऱ्हाईक परत येतं, पण तक्रार घेऊन.

छोट्या फायबर मशीनवर माझा चालणारा माल म्हणजे पितळी बिल्ले. देवघराच्या किल्लीचा, तिजोरीच्या किल्लीचा, गाडीच्या किल्लीचा. वर गावाचं किंवा कुलदैवताचं नाव. तुळजापूर, जेजुरी, वणी, मंगेशी. दोन ओळी, बाकी काही नाही. गोव्याची माणसं 'मंगेशी' आणि 'शांतादुर्गा' शोधत येतात.

स्टॉलवर जागच्या जागी नाव कोरायचं असेल तर हेच मशीन. धूर जवळपास नाही आणि एक नाव काही सेकंदांत होतं. लाकूड किंवा चामडं हॉलमध्ये जाळायला आयोजक परवानगी देत नाहीत, आणि देऊही नये. शिवाय उघड्या चौकटीचं डायोड लेझर लहान मुलांच्या गर्दीत चालवणं मला मुळीच मान्य नाही. परावर्तित किरणानेसुद्धा डोळा जाऊ शकतो. चष्मा तुम्ही घालाल, समोर वाकून बघणाऱ्या पोराचं काय? मशीन पूर्ण बंद पेटीत हवं, झाकण उघडलं की किरण आपोआप बंद झाला पाहिजे.

अबोली_रत्नागिरी

नमस्कार, मी नवीन आहे. माझ्याकडे १० वॉटचं डायोड लेझर आहे, निळ्या प्रकाशाचं. त्यावर पारदर्शक ॲक्रिलिक कापलंच जात नाही. मशीन खराब आहे का? आणि लक्ष्मीची पावलं करायची आहेत, ती कशात करू?

टिंबरगल्ली

अबोलीताई, मशीन चांगलं आहे. निळा किरण पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार निघून जातो, ते त्याला शोषतच नाही. काळं, अपारदर्शक ॲक्रिलिक बारीक जाडीत जमेल. पारदर्शक हवं तर सीओ२वाल्याकडून कापून घ्या.

पावलं एमडीएफमध्ये करू नका. उंबऱ्यापाशी रोज ओलं फडकं फिरतं, एमडीएफ कडेने फुगतं आणि रंग सुटतो. २ किंवा ३ मिमी ॲक्रिलिक बरं. आणि ती पायाखाली न येता कडेने लावायची आहेत असं छोट्या चिठ्ठीवर लिहून द्या, लोकांना ते आवडतं.

एमडीएफच्या नक्षीदार चौकटीत पेटती पणती ठेवायची वस्तूही विकू नका. वात कलंडली, तेल सांडलं की ते लाकडाचा भुसाच आहे. बॅटरीच्या दिव्यासाठी असेल तर तसं ठळक लिहा.

शिरोरेषा (ठाणे)

मी अक्षरांच्या बाजूने बोलते, कारण माझं काम डीटीपीचं.

लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप करून बघितलं तर पुष्कळदा जोडाक्षरं फुटतात, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. 'क्षितिजा' आणि 'श्रद्धा' ही दोन नावं टाकून बघा, लगेच कळेल. इंकस्केपमध्ये (चित्रं रेखाटायचं फुकट सॉफ्टवेअर) युनिकोड फॉन्टने लिहा, मग 'पाथ'मध्ये, म्हणजे बाह्यरेषेत बदला, सगळ्या अक्षरांचं 'युनियन' करा, म्हणजे एकच आकार करा आणि तीच फाइल मशीनला द्या. युनियन विसरलात तर शिरोरेषेवर जिथे दोन अक्षरं एकमेकांवर येतात तिथेही किरण कापत जातो आणि शब्दाचे तुकडे पडतात.

फॉन्ट विकत घेतलेला नसेल तर मुक्त परवान्याचेच वापरा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, त्यांनी केलेली वस्तू विकायला हरकत नाही. कापायच्या कामाला बलू सुंदर, जाड आणि गोलाईचा, कुठे नाजूक जोड नाहीत. 'यात्रा वन' हा फॉन्ट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. स्टेशनांच्या नावांच्या फ्रिज मॅग्नेटना तो इतका शोभतो! डोंबिवली, परळ, दादर, मुलुंड. मुंबई सोडून गेलेले लोक आपलं स्टेशन शोधतातच.

मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' आलाय का, हे बघून घ्या. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली तरच तो येतो, नाहीतर हिंदी वळण छापलं जातं. ठाण्या-पुण्याचं गिऱ्हाईक नाव हातात घेऊन हे बघतं.

आणि मोडी! मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट आहे. लाकडी बुकमार्कवर एका बाजूला देवनागरी नाव, दुसऱ्या बाजूला तेच मोडीत. दिवाळी अंकांच्या दिवसांत बुकमार्क खपतात. मोडी जाणणाऱ्या माणसाकडून प्रत्येक नाव एकदा वाचून घ्या. चुकीचं मोडी विकणं बरोबर नाही.

हडसनकाठ (न्यू जर्सी)

इकडचं थोडं लिहितो. सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळांच्या जिममध्ये, चर्चच्या हॉलमध्ये, गावच्या मैदानावर हस्तकलेची प्रदर्शनं असतात. मी आणि बायको दरवर्षी त्यातल्या काहींत टेबल घेतो आणि मग महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत.

गिऱ्हाईक पूर्ण वेगळं. अमेरिकन प्रदर्शनात भोपळे आणि मेपलची पानं ऑक्टोबर संपेपर्यंतच. हॅलोविन झालं की त्यांच्याकडे कुणी बघत नाही. ख्रिसमसच्या झाडाला टांगायच्या चकत्या मात्र ऑक्टोबरपासूनच जायला लागतात. त्यावर साल कोरलं तर जास्त खपतात, पण उरलेला माल पुढच्या वर्षी निरुपयोगी. म्हणून आम्ही साल प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात कोरतो, कापलेल्या चकत्या कोऱ्या ठेवतो. लाकूड बासवूडचं, एक अष्टमांश इंच. फिकट आणि एकसारखं असल्यामुळे अक्षर उठून दिसतं.

शाळेच्या संघाचं चिन्ह, फुटबॉल क्लबचा लोगो, कार्टूनची पात्रं लोक मागतात. परवानगीशिवाय करत नाही, नम्रपणे नाही म्हणतो. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के, त्याची नोंदणी आधी करावी लागते.

मंडळाच्या दिवाळीत मात्र शिरोरेषाताई म्हणतात तेच. इथे जन्मलेल्या मुलांची नावं देवनागरीत. आईवडील मुलाला टेबलापाशी आणतात आणि ते पोर पहिल्यांदा स्वतःचं नाव बोटाने चाचपून बघतं. 'हे तुझं नाव, इथून वाचायचं' असं आजी सांगते. याला मी दुसऱ्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त वेळ देतो.

पन्हाळगड

हडसनकाठ, वाचून छान वाटलं.

एक विषय राहिला. वारली. प्रत्येक स्टॉलवर लेझरने कोरलेले वारली कोस्टर असतात. या चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय मिळालं आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी आयुष्यभर ही चित्रं काढली. इंटरनेटवरची आकृती उचलून 'अस्सल वारली' असं लिहून विकणं मला अन्यायाचं वाटतं. पालघर-डहाणूकडच्या कलाकाराकडून चित्र काढून घ्या, त्याचे पैसे द्या, नाव छापा. नाहीतर ते नाव वापरू नका.

तसंच राजमुद्रा आणि महाराजांचं चित्र. कोस्टरवर, म्हणजे ओला कप ठेवायच्या वस्तूवर ते कोरू नये. अशोकस्तंभाची राजमुद्रा तर कायद्याने निषिद्ध, २००५ चा कायदा आहे.

सुतारपक्षी

वारलीबद्दल पूर्ण सहमत. देवांची चित्रंही मी कोस्टरवर घेत नाही.

जीएसटीचं कुणी सांगेल का? मला मडगावच्या एका प्रदर्शनाचं बोलावणं आहे.

तांबटआळी

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाची एकूण उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी लागत नाही. दुसऱ्यांची जॉबवर्क करत असाल तर ती सेवा झाली, सेवेची मर्यादा २० लाख. गोव्यात जाऊन विकायचं तर 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन' हा नियम येतो, तात्पुरती नोंदणी लागू शकते. हस्तकलेला यात सवलत आहे, पण तिथे वस्तू मुख्यतः हाताने बनलेली असावी अशी अट आहे. लेझरची कीचेन त्यात बसते का, हे आपल्या सीएला वस्तू दाखवून विचारा. आयोजकांच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

अबोली_रत्नागिरी

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारते, ऑक्टोबर हीटमध्ये मशीनची काय काळजी घेता? आमच्याकडे दुपारी घरात बसवत नाही.

टिंबरगल्ली

तुमच्या डायोडला पंखा आणि सावली पुरे. सीओ२वाल्यांनी मात्र लक्ष द्या. काचेच्या ट्यूबचं पाणी १५ ते २५ अंशांत हवं. चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) नसेल तर बादलीत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाका, दुपारी काम थांबवा, पहाटे आणि रात्री चालवा. पण सप्टेंबरात हवा दमट असते, तेव्हा पाणी फार गार केलंत तर ट्यूबवर दव धरतं आणि हाय व्होल्टेजची ठिणगी उडू शकते. थर्मामीटर बादलीतच ठेवा.

मशीन चालू असताना उठून जायचं नाही. फोन आला, दूधवाला आला, कुकरची शिट्टी झाली तरी आधी मशीन थांबवायचं. अग्निशामक हाताशी. धूर बाहेर काढणारा पाइप शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर नको. सोसायटीत कामं बंद पडतात ती बहुतेक धुरावरूनच.

शिरोरेषा

सुतारपक्षीताई, 'आत्या', 'मावशी', 'वहिनी'ची एकत्र फाइल मी बलूमध्ये करून देते. 'वहिनी'ची पहिली वेलांटी 'ह'ला नीट टेकत नाही, तिथे जोड वाढवावा लागेल. एमडीएफ ३ मिमीच ना, आणि शब्दाची उंची किती धरू?

सुतारपक्षी

३ मिमीच. उंची २५ मिमी धरा, कडी अडकवायचं भोक पहिल्या अक्षराच्या वर शिरोरेषेलाच जोडून, ४ मिमीचं. 'काकू' आणि 'आजी'ही त्यातच घ्या. नमुने कापले की इथेच फोटो टाकते, आणि मोडलेले असतील तर तेही, कुठून मोडले ते दिसेल असे.